मुक्त आणि ऑनलाइन शिक्षणातल्या अभ्यासकाचा संशोधन-प्रभाव कसा जोखायचा? खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजचा ग्रंथपाल आहे. शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करणारे, मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर रविवारी शिकवणारे, प्रमोशनची फाइल काखोटीला मारून येणारे, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. कोणी धुळ्याहून फोन करतं, कोणी शहाद्याहून व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट टाकतं. प्रश्न जसे आले तसेच ठेवले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात उगाळलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सर, ‘संशोधनाचा प्रभाव’ म्हणजे किती पेपर छापले तेच ना?

नाही. पेरा किती एकर झाला हे सांगून कापूस किती निघाला ते कळत नाही. पेपरांची संख्या हा पेरा झाला. त्या लिखाणामुळे पुढे काय घडलं, तो प्रभाव.

तो दोन ठिकाणी शोधावा लागतो. एक, दुसऱ्या संशोधकांच्या लिखाणात: त्यांनी या अभ्यासकाचा आधार घेतला का, किती वेळा, कशासाठी. यालाच आपण सायटेशन म्हणतो. दोन, संशोधनाच्या बाहेर: एखाद्या शिक्षकाने शिकवण्याची पद्धत बदलली, एखाद्या विद्यापीठाने मोफत पाठ्यपुस्तक लावलं, सरकारने धोरण केलं. बहुतेक विषयांत पहिली बाजूच मोजतात. मुक्त शिक्षणात मात्र दुसरी बाजू जड आहे, कारण विद्यापीठाच्या भिंतीबाहेरच्या माणसापर्यंत पोचणं हेच या विषयाचं काम. पहिल्या बाजूसाठी प्रश्न ३ ते ८ पाहा, दुसऱ्यासाठी ९ ते ११.

२. दूरशिक्षण, मुक्त शिक्षण, ऑनलाइन शिक्षण – तिन्ही एकच ना?

बोलताना एकच, शोधताना वेगळे.

शिकणारा आणि शिकवणारा वेगवेगळ्या ठिकाणी असले की दूरशिक्षण. मधलं माध्यम टपालाने आलेलं पुस्तक असलं तरी चालतं. इंटरनेटवरून झालं की ऑनलाइन. आणि मुक्त म्हणजे अडसर काढलेला: वयाचा, आधीच्या शिक्षणाचा, पैशाचा किंवा कॉपीराइटचा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीकडे जाण्याची वाट त्याने अनेक वर्षं ठेवली. तेव्हा आपल्याकडच्या अभ्यासकेंद्रांवर इंटरनेट नव्हतं, तरी ते शिक्षण मुक्त होतं. उलट आज ॲपवर पन्नास हजार रुपये भरून घेतलेला कोचिंग क्लास ऑनलाइन आहे, मुक्त नाही.

हा फरक कशाला हवा? कारण एकाच अभ्यासकाचं काम काळानुसार वेगळ्या नावाखाली लपलेलं असतं. जुने पेपर ‘दूरशिक्षण’ या शब्दावर सापडतात. ‘मुक्त शैक्षणिक संसाधनं’ हा शब्दप्रयोग युनेस्कोच्या २००२ सालच्या बैठकीतून रूढ झाला. ‘मूक’ (इंग्रजीत एमओओसी, म्हणजे हजारोंसाठी खुला ऑनलाइन अभ्यासक्रम) हे नाव २००८ मध्ये डेव्ह कॉर्मिए यांनी दिलं, तेही जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स कॅनडात चालवत असलेल्या एका अभ्यासक्रमाला. फक्त ‘मूक’ टाकून शोधलंत तर त्याआधीची चाळीस वर्षं हातातून निसटतील.

३. एच-इंडेक्स कसा काढतात? सोपं करून सांगा.

अभ्यासकाचे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने मांडा. समजा आकडे असे आहेत: ५०, १८, ११, ७, ६, ४, २. आता वरून मोजत या. पाचव्या पेपरला ६ सायटेशन आहेत, म्हणजे पाच किंवा जास्त. सहाव्याला ४, म्हणजे सहापेक्षा कमी. झालं, एच-इंडेक्स ५: किमान पाच-पाच सायटेशन मिळालेले पाच पेपर.

हा निर्देशांक जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवला. गुगल स्कॉलर या मोफत शोधयंत्रावर शेजारी दिसणारा ‘आय-१०’ आणखी सोपा: दहा किंवा त्याहून जास्त सायटेशन मिळालेले पेपर किती. वरच्या उदाहरणात ३.

दोन खोडी लक्षात ठेवा. वरचा पहिला पेपर ५० ऐवजी ५,००० वेळा उद्धृत झाला असता, तरी एच-इंडेक्स ५ च राहिला असता. आणि हा आकडा माणसाने लिहिणं सोडलं तरी खाली येत नाही. निवृत्त होऊन शेतात केळी लावली तरी वाढत राहू शकतो.

४. एकाच मॅडमचा एच-इंडेक्स गुगल स्कॉलरवर जास्त आणि स्कोपसवर कमी दिसतो. खरा कोणता?

दोन्ही खरे. मोजण्याची मापं वेगळी आहेत.

स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सायटेशन मोजणाऱ्या सूची निवडलेल्या जर्नलांच्या, परिषदांच्या आणि काही पुस्तकांच्या आतच मोजतात. गुगल स्कॉलर प्रबंध, अहवाल, पुस्तकं, विद्यापीठांच्या भांडारातल्या प्रती, जे सापडेल ते मोजतं. त्यात कधी कधी कचराही येतो, एकच पेपर दोनदाही धरला जातो. मुक्त शिक्षणातलं बरंच महत्त्वाचं लिखाण कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग (राष्ट्रकुल देशांची मुक्त शिक्षणासाठीची संस्था) किंवा युनेस्कोच्या अहवालांत आणि मोफत पुस्तकांत आहे, त्यामुळे या विषयात दोन आकड्यांतली दरी मोठी दिसते. माझं मत विचाराल तर या क्षेत्रासाठी गुगल स्कॉलर जास्त न्याय करतं, पण त्याचा आकडा हाताने तपासल्याशिवाय वापरू नये.

फाइलमध्ये लिहिताना स्रोत आणि तारीख दोन्ही लिहा. नुसतं ‘एच-इंडेक्स १४’ हे वाक्य अपुरं आहे.

५. सरांचा इम्पॅक्ट फॅक्टर किती आहे, कुठे बघायचा?

सरांचा नसतोच. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो: त्या जर्नलमध्ये आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाले. एखाद्या नामांकित कॉलेजात शिकलेला प्रत्येक जण हुशारच असेल असं आपण म्हणत नाही, तसंच हे. जर्नलचा आकडा माणसाला चिकटवू नका, हे सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ सालचा आहे. तरी आपल्याकडे अजून मुलाखतीत हा प्रश्न विचारतात. विचारणाऱ्याला दुरुस्त करायचं की नाही, ते तुमच्या नोकरीच्या गरजेवर.

६. मग एच-इंडेक्स किती असला म्हणजे मोठा अभ्यासक म्हणायचं?

एकच आकडा सांगता येत नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. वैद्यकशास्त्रात लाखो संशोधक एकमेकांना उद्धृत करतात, दूरशिक्षणाचं घर त्या मानाने लहान. तिथला ३० आणि इथला ३० सारखा नाही. वयही बघावं लागतं: पंचवीस वर्षं लिहिणाऱ्याची तुलना पाच वर्षं लिहिणाऱ्याशी करणं म्हणजे सावद्याच्या जुन्या केळीबागेशेजारी काल लावलेली रोपं मोजणं.

तुलना करायचीच तर त्याच विषयातल्या, साधारण त्याच वयोगटातल्या, त्याच प्रकारच्या संस्थेतल्या पाच-सहा जणांशी, आणि एकाच स्रोतातून एकाच दिवशी काढलेल्या आकड्यांवर. २०१५ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या लायडन जाहीरनाम्यातली दहा तत्त्वं याच सुरात आहेत. मार्गदर्शकांनी एकदा तरी वाचावीत असं वाटतं, पण ते वेगळं.

७. या विषयात नेमकं कोणाकोणाचं काम बघायचं? यादी द्या.

यादी देत नाही, कारण दिली की तीच तशीच्या तशी प्रबंधात उतरते. पण धागे सांगतो.

मायकेल मूर यांच्यापासून सुरुवात करा. ‘व्यवहारात्मक अंतर’ ही त्यांची कल्पना. शिकणारा आणि शिकवणारा यांच्यातलं अंतर किलोमीटरचं नसतं, संवाद किती आणि अभ्यासक्रमाचा साचा किती घट्ट यावर ते ठरतं. धडगावचा विद्यार्थी नाशिकपासून किती लांब आहे, यापेक्षा त्याच्या स्वाध्यायावर कोणी दोन ओळी लिहून पाठवतं का, हे महत्त्वाचं. मला ही कल्पना खान्देशासाठीच लिहिल्यासारखी वाटते. सातपुड्यात अंतर नुसतं रस्त्याचं असतं तर एसटीने मिटवलं असतं.

त्यानंतर गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांचा २००० सालचा ‘जिज्ञासू समुदाय’ हा आराखडा. ऑनलाइन वर्गात शिक्षकाची, सोबत्यांची आणि विचाराची उपस्थिती कशी जाणवते, ते त्यात आहे. या क्षेत्रातल्या सर्वात जास्त उद्धृत कामांपैकी ते एक. मुक्त परवान्याच्या बाजूने डेव्हिड वायली: १९९८ साली ‘ओपन कंटेंट’ ही संज्ञा पुढे आणणारे, आणि साहित्य जवळ ठेवा, वापरा, बदला, मिसळा, वाटा या पाच हक्कांची मांडणी करणारे. इतिहास आणि टीका हवी असेल तर ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत अनेक वर्षं काम केलेले मार्टिन वेलर. भारतीय नावांत संजय मिश्रा, संतोष पांडा, रमेश शर्मा. तिघांचंही काम इग्नूशी (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) जोडलेलं आहे आणि आपल्याकडच्या परिस्थितीशी जवळचं आहे.

जर्नलांमध्ये पहिलं उघडायचं ते कॅनडाच्या अथाबास्का विद्यापीठातून २००० पासून निघणारं ‘आयआरआरओडीएल’. वाचायला पैसे नाहीत, लेखकाकडूनही घेत नाहीत.

८. सायटेशन जास्त म्हणजे काम चांगलं, असं धरू का?

धरू नका. सायटेशन म्हणजे कोणीतरी नाव घेतलं, एवढंच. गावात नाव मदत करणाऱ्याचंही घेतात आणि उधारी बुडवणाऱ्याचंही.

सीमेन्स यांची २००५ सालची ‘कनेक्टिव्हिझम’ची मांडणी घ्या. ज्ञान माणसांच्या आणि साधनांच्या जाळ्यात पसरलेलं असतं, ही त्यातली मुख्य कल्पना. प्रचंड उद्धृत झालेलं काम. पण उद्धृत करणाऱ्यांत ‘हा शिकण्याचा स्वतंत्र सिद्धांतच नाही’ असं म्हणणारेही बरेच आहेत. मोजणीत पाठिंबा आणि विरोध एकाच पोत्यात पडतात. माझ्या मते त्या वादानेच विषय पुढे नेला, म्हणून प्रभाव मोठा आहे. पण ‘सर्वमान्य’ हा शब्द त्याला लावता येणार नाही.

दुसरी गंमत आकाराची. मूर यांचा शिकणाऱ्याच्या तीन परस्परक्रियांवरचा (आशयाशी, शिक्षकाशी, सोबत्यांशी) १९८९ चा लेख म्हणजे एका जर्नलचं सात पानी संपादकीय. आणि २७ मार्च २०२० रोजी हॉजेस आणि सहकाऱ्यांनी ‘एज्युकॉज रिव्ह्यू’ या नियतकालिकात लिहिलं, की टाळेबंदीत जे चाललंय ते ऑनलाइन शिक्षण नव्हे, ती आणीबाणीतली दूरस्थ शिकवणी आहे. तो लेख नेहमीच्या अर्थाने पीअर रिव्ह्यू झालेला (विषयातल्या जाणकारांनी छापण्याआधी तपासलेला) जर्नल पेपर नाही. तरी त्यानंतरच्या कोविडकाळातल्या प्रबंधांमध्ये तो सारखा भेटतो. ‘पीअर रिव्ह्यू नाही म्हणून गुण नाहीत’ या आपल्या चौकटीत हे दोन्ही लेख नापास झाले असते.

म्हणून वीस सायटेशन उघडून वाचा. नुसतं ओवाळून गेलेत, पद्धत उचललीय, की खोडून काढलंय? दोन दुपारी जातात, पण प्रबंधातलं ते प्रकरण तुमचं स्वतःचं होतं.

९. राम ताकवले सरांसारख्यांचा प्रभाव सायटेशनमध्ये दिसतो का?

हा प्रश्न मला चोपड्याच्या एका ताईंनी विचारला आणि त्यानंतर मी बाकीची उत्तरंही बदलली.

डॉ. राम ताकवले नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, नंतर इग्नूचे कुलगुरू. एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स चालवणाऱ्या एमकेसीएलच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा. आता तुमच्या गल्लीत फिरा. मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलेली अंगणवाडी सेविका, नोकरी सांभाळून पदवी घेतलेला एसटीचा कंडक्टर, एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र फाइलला लावलेला तलाठी, यांतलं कोणीतरी दोन घरं सोडून भेटेलच. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्या विद्यापीठाचं घोषवाक्य. ते किती खरं झालं यावर वाद घाला, पण परिणाम झाला हे नाकारता येणार नाही. त्या कंडक्टरने आयुष्यात कोणाला उद्धृत केलेलं नाही, त्यामुळे एच-इंडेक्सच्या हिशेबात तो कुठेच येत नाही.

संस्था उभारणाऱ्याचा प्रभाव शोधायचा तर कायदे, समित्यांचे अहवाल, अभ्यासक्रमाचे आराखडे, प्रवेशाच्या नोंदी आणि शिकलेल्यांच्या मुलाखती हीच साधनं. मुलाखती अहिराणीत घ्या. प्रमाण मराठीत विचारलं की माणसं परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देतात.

१०. माझ्या स्वयमवरच्या कोर्सला हजारोंनी नावं नोंदवली. हा प्रभाव धरता येईल?

सारंगखेड्याच्या यात्रेला आलेला प्रत्येक जण घोडा विकत घेत नाही.

स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सांचं व्यासपीठ. तिथली नोंदणी हा कुतूहलाचा आकडा आहे. स्टॅनफर्डच्या २०११ सालच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोर्सला सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नाव नोंदवलं, पूर्ण केला वीस हजारांहून थोड्या जास्त लोकांनी. हार्वर्ड आणि एमआयटीच्या २०१२ ते २०१८ या काळातल्या कोर्सांचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये २०१९ ला आला. त्यात शेवटच्या वर्षी पूर्ण करणारे सुमारे ३ टक्के होते. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र जवळपास निम्म्यांनी शेवट गाठला.

पण नुसत्या पूर्णतेवर निकाल लावणंही अन्यायाचं आहे. कोणी फक्त तिसरा आठवडा बघायला येतो आणि त्याचं काम होऊन जातं. म्हणून आकडे थरांनी द्या: नोंदणी, पहिला स्वाध्याय दिलेले, परीक्षेला बसलेले, उत्तीर्ण झालेले, आणि ज्यांच्या विद्यापीठाने ते क्रेडिट धरलं असे. शेवटचा थर सगळ्यात वजनदार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत स्वयमवरून घेता येतात, तेव्हा तुमचा कोर्स कोणत्या कॉलेजांनी स्वीकारला ते पत्र मागून ठेवा.

मोफत पुस्तक किंवा इतर संसाधनं असतील तर डाउनलोडपेक्षा ‘कुठे लावलं’, ‘कोणी भाषांतर केलं’, ‘कोणी बदलून वापरलं’ हे बघा. टोनी बेट्स यांचं २०१५ चं मुक्त पाठ्यपुस्तक अनेक भाषांत गेलं. ही भाषांतरं म्हणजेच त्याचा प्रभाव, आणि परवाना मोकळा होता म्हणूनच ती झाली. धोरणाच्या पातळीवर युनेस्कोच्या नोव्हेंबर २०१९ च्या शिफारशीसारख्या दस्तऐवजांत तुमच्या अभ्यासकाची मांडणी किंवा नाव येतं का, तेही शोधा.

११. अल्टमेट्रिक म्हणून रंगीत चक्र दिसतं, ते काय?

पेपरचा बातम्या, समाजमाध्यमं, विकिपीडिया, धोरणपत्रं यांत कुठे कुठे उल्लेख झाला त्याची मोजदाद. कल्पना २०१० सालची. गवगवा कळतो, दर्जा नाही. धोरणपत्र आणि विकिपीडियाचे उल्लेख तेवढे उघडून बघा, बाकीचं सोडून दिलं तरी चालेल.

१२. माझं आडनाव पाटील आहे. माझे पेपर दुसऱ्याच्या नावावर जातात. काय करू?

खान्देशात राहून पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे असणं म्हणजे डेटाबेसच्या दृष्टीने अदृश्य असणं. त्यात इंग्रजीत चौधरी लिहिण्याच्या तीन-चार तऱ्हा. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंचं काम तर दोन माणसांत वाटलं जातं, आणि दोन्हीकडे एच-इंडेक्स कमी दिसतो.

आधी ऑर्किड काढा. २०१२ पासून चालू असलेली ही १६ आकड्यांची मोफत ओळख. दहा मिनिटांचं काम आहे. त्यात नावाच्या सगळ्या तऱ्हा भरा, माहेरचं नावही. पुढे प्रत्येक पेपरला तो क्रमांक द्या. इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या ‘विद्वान’ या अभ्यासकांच्या सूचीतही तोच जोडा. आणि यापुढे नाव एकाच पद्धतीने लिहा: पूर्ण नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव घालायचं तर नेहमी, नाही तर कधीच नाही.

मग गुगल स्कॉलरचं प्रोफाइल उघडा आणि ‘आपोआप जोडा’ ही सोय बंद करा. आमच्याकडे शिक्षणशास्त्राच्या एका मॅडमच्या प्रोफाइलवर केळीच्या करप्यावरचे पेपर येऊन बसले होते. एच-इंडेक्स रातोरात वाढला. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, ‘राहू द्या ना सर, नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) तपासणी होईपर्यंत.’ नाही राहू दिले.

१३. मी मराठीत लिहितो. मला सायटेशन मिळतच नाहीत. इंग्रजीतच लिहू का?

सायटेशन मिळत असतील, मोजले जात नसतील. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातल्या कागदपत्रांवर मराठीत किती लिहिलं गेलं, त्या पुस्तकांतल्या तळटीपा कोणता डेटाबेस मोजतो? तीच गत शिक्षणावरच्या मराठी लेखांची.

माझा सल्ला दोन्हीचा. आकडे आणि पद्धत इंग्रजीत छापा. अक्कलकुव्यातल्या शिक्षकाने वाचायचं ते मराठीत लिहा. मराठी लेखाला इंग्रजी शीर्षक, सारांश आणि शक्य असेल तर डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) जोडा, म्हणजे यंत्राला तो दिसेल. पीडीएफ युनिकोडमध्ये करा. जुन्या फाँटमधली मराठी शोधयंत्राला निव्वळ गिचमिड दिसते, आणि कितीतरी परिषदांची स्मरणपुस्तकं त्यातच गडप झाली आहेत.

१४. केअर यादी बंद झाली म्हणतात. मग चांगलं जर्नल कसं ओळखायचं?

हो, मान्य जर्नलांची ही यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं. आता पारख आपली आणि आपल्या संस्थेची.

मी स्वतः फसलो आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. एका जर्नलने दोन दिवसांत पेपर स्वीकारला, तीन हजार रुपये घेतले, झकास प्रमाणपत्र पाठवलं. वर्षभराने वेबसाइटच गायब. पेपर ना छापलेला ना बिनछापलेला. दुसरीकडे पाठवायचा तर ‘आधी प्रसिद्ध नाही’ असं लिहून कसं द्यायचं?

तेव्हापासून मी या गोष्टी बघतो. आमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं का? परीक्षणाला किती दिवस लागतात? एकाच अंकात शिक्षण, रसायन आणि वाणिज्य एकत्र आहे का? ‘ग्लोबल’ वगैरे विशेषण लावलेला इम्पॅक्ट फॅक्टर दाखवतात का? खरा आकडा वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या अहवालातच असतो. आयएसएसएन क्रमांक आहे म्हणजे दर्जा आहे असं नाही, तो मासिकाचा नुसता नोंदणी क्रमांक. मुक्त प्रवेशाचं, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येणारं जर्नल असेल तर डीओएजे या अशा जर्नलांच्या सूचीत शोधा. आणि चांगल्या जर्नलचं हुबेहूब नाव घेऊन उभी राहिलेली नकली वेबसाइट हा सगळ्यात कठीण प्रकार. त्यासाठी पत्ता गुगलवरून नाही, सूचीतल्या दुव्यावरून उघडा.

१५. मुक्त प्रवेश म्हणजे लेखकानेच पैसे भरायचे, बरोबर?

नेहमीच नाही. काही जर्नलं लेखकाकडून घेतात, काही कोणाकडूनच घेत नाहीत (प्रश्न ७ मधलं उदाहरण बघा). तिसरी वाट म्हणजे नेहमीच्या जर्नलमध्ये छापून स्वीकारलेली प्रत विद्यापीठाच्या भांडारात ठेवणं. प्रकाशकाची अट वाचून घ्या. मुक्त शिक्षणावर लिहायचं आणि ते कुलूपबंद जर्नलात ठेवायचं, हा विरोधाभास या क्षेत्रातल्या मोठ्या माणसांनाही चुकलेला नाही.

१६. पेपर उघडायला गेलं की तीस-चाळीस डॉलर मागतात. वाचायचं कसं?

केंद्र सरकारची एक देश एक वर्गणी योजना जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नलं त्यात येतात. पण ती सरकारी संस्थांसाठी आहे. खासगी अनुदानित कॉलेजवाल्यांनी आपलं नाव यादीत आहे का ते आधी ग्रंथपालाला विचारावं. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन वाचणं ही दुसरी सोय. गुगल स्कॉलरवर पेपरखाली ‘सर्व आवृत्त्या’ दाबा, पुष्कळदा मोफत प्रत तिथेच असते. भारतीय प्रबंध शोधगंगा या मोफत ऑनलाइन संग्रहावर. हे सगळं करून मिळालं नाही तर लेखकाला सरळ मेल करा. या क्षेत्रातली माणसं देतात.

१७. पीएच.डी. जमा करण्याआधी पेपर सक्तीचा आहे का?

आयोगाच्या २०२२ च्या नियमांत सक्ती काढली. विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र वेगळा विचारून घ्या.

१८. प्रमोशनला ऑनलाइन कोर्स बनवल्याचे गुण मिळतात, की फक्त पेपरचे?

मिळतात. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत चार क्रेडिटचा, चारही घटक (व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा, मूल्यमापन) असलेला पूर्ण मूक तयार केल्यास २० गुण आहेत. शिक्षणशास्त्रातल्या एका पेपरला मूळ १० गुण. म्हणजे नियम कोर्सला कमी लेखत नाही, आपल्या समित्याच लेखतात. फाइलमध्ये त्या तक्त्याची झेरॉक्स लावा.

१९. पेपरवर तिघांची नावं असतील तर सायटेशन वाटून देतात का? आणि गाइडचं नाव घालावंच लागतं का?

डेटाबेस वाटत नाहीत. प्रश्न ७ मधल्या त्या २००० सालच्या पेपरचं प्रत्येक सायटेशन गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तिघांच्याही खात्यात पूर्ण जमा होतं. म्हणून तिघांचे आकडे एकत्र करून ‘या गटाचा प्रभाव’ असं लिहिलंत तर एकच गोष्ट तीनदा मोजली जाते. प्रमोशनच्या गुणांत मात्र वाटणी असते, तो हिशेब वेगळा.

गाइडचं नाव: त्यांनी कामात खरा हातभार लावला असेल तर हो. नुसती सही केली म्हणून नाही. हे त्यांना कसं सांगायचं, ते मला विचारू नका.

२०. अभ्यासक स्वतःलाच उद्धृत करत असेल तर?

थोडं चालतं. तीस वर्षं एकाच विषयावर काम केलेला माणूस स्वतःच्या जुन्या कामाचा आधार घेणारच. स्कोपसमध्ये स्वतःचे सायटेशन वगळून आकडा काढता येतो. दोन्ही आकडे द्या. फरक मोठा असेल तर एक पाऊल पुढे जा: तेच पाच-सात सहकारी एकमेकांना आळीपाळीने उद्धृत करताहेत का? ते वगळण्याची सोय कुठेच नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं.

२१. एकाच अभ्यासकाचा प्रभाव, एवढ्यावर प्रबंध होईल का?

होईल, पण ‘जीवन आणि कार्य’ छापाचा करू नका. प्रश्न नेमका हवा. उदाहरणार्थ, मूर यांची अंतराची कल्पना भारतीय दूरशिक्षणाच्या संशोधनात कशी वापरली गेली आणि कुठे वाकवली गेली.

साधनं फुकट आहेत. ‘पब्लिश ऑर पेरिश’ने गुगल स्कॉलरचे आकडे तक्त्यात येतात, ‘व्हॉसव्ह्यूअर’ने कोण कोणाला उद्धृत करतं त्याचा नकाशा निघतो. नकाशा दिसायला देखणा असतो आणि परीक्षक खूश होतात. पण कोणता ठिपका का मोठा आहे हे वाचल्याशिवाय सांगता येत नसेल तर तो चिकटवू नका. शोधगंगेवरचे संबंधित प्रबंध काढा, प्रत्येकात ती कल्पना कोणत्या प्रकरणात, कोणत्या कामासाठी आली ते हाताने नोंदवा. मग दोन-तीन अभ्यासकेंद्रांवर जा. शनिवार-रविवारी जा, एरवी कुलूप असतं. तिथल्या समंत्रकाला त्या अभ्यासकाचं नाव माहीत नसेल, पण तो स्वाध्याय तपासताना जे करतो त्यात ती कल्पना असेल, किंवा नसेल. दोन्ही निष्कर्ष लिहिण्यासारखे.

शोध घेतल्याची तारीख पहिल्याच दिवसापासून वहीत लिहा. आकडे रोज बदलतात, आणि मौखिक परीक्षेला बसलेला माणूस आपला मोबाइल काढून तिथल्या तिथे पडताळतो. मला स्क्रीनशॉट पाठवताना पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख कापू नका.